काकांच्या कमरेचं पिस्तूल

परमिट काढून रोज पिस्तूल बाळगायचं म्हणतोस? आधी आमच्या काकांचं ऐक.

स्टेट कॉलेज नावाच्या गावात नोकरीत असताना आम्ही सगळी मराठी मंडळी दसऱ्याला त्यांच्याकडे जायचो. एका वर्षी पूजेला कोणी लॅपटॉप ठेवला, मी कॅल्क्युलेटर. काकांनी शांतपणे झब्बा वर केला, कमरेचं पिस्तूल काढलं, रिकामं केलं आणि माझ्या कॅल्क्युलेटरशेजारी ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मी थक्क! चार वर्षं हा माणूस मला आग्रहानं श्रीखंड वाढत होता, आणि कमरेला हे?

"काका, रोज असतं?"

"रोज."

माझं ग्रीन कार्ड नुकतंच आलं होतं, म्हणजे आता मलाही परमिट मिळू शकत होतं; फॉर्म खिशातच होता. म्हटलं, "मीही काढू का?"

"भांडणं सोडशील? हे लावल्यापासून मी आवाज चढवलेला नाही. पार्किंगमध्ये कोणी शिवी घातली तरी मीच सॉरी म्हणतो. हे जवळ असताना चिडायची सोय नाही रे."

मी स्वतःला ओळखतो यार. फॉर्म तिथेच फाडला.

तेवढ्यात काकू आल्या. "पूजा झाली ना? मग लावा बघू ते परत कमरेला. ते आल्यापासून संसाराच्या तीस वर्षांत पहिल्यांदा घर शांत आहे!"