लिमिटच्या चौकशीचा माणूस

पौर्णिमा : तो माणूस दारात आला तेव्हा तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलं, आई?

रुख्माबाई : काय सांगन? पाणी देल्लं, बस म्हटलं. दाराचा फोटो काढला त्यानं. मंग इचारलं, सून काय करते. म्या म्हटलं, घरीच राह्यते. सैपाक करते, पोट्टी सांभाळते.

पौर्णिमा : दीड वर्ष झालं मला लॅबमध्ये लागून. रोज तुमच्यासमोर डबा भरून निघते मी.

रुख्माबाई : मले वाटलं, बायकायले महिन्याचे पैसे भेटतेत त्याचा सर्वेवाला असन. घरात नौकरी हाय म्हटलं का नाव कटते. शेजारच्या तानाबाईचं नाई कटलं?

पौर्णिमा : बँकेचं ओळखपत्र होतं त्याच्या गळ्यात. माझं नाव घेऊन, लॅबचं नाव घेऊन विचारलं त्यानं.

रुख्माबाई : मले का वाचता येते?

राकेश : जाऊ दे ना पौर्णिमा. बुढं माणूस हाय, चुकलं. पुन्हा अर्ज टाकजो.

पौर्णिमा : सहा महिने टाकता येत नाही, बँकेनं आज कळवलं. माझ्या क्रेडिट कार्डाची चाळीस हजारांची लिमिट ऐंशी होणार होती. काजलच्या कानाचं मशीन अडुसष्ट हजारांचं आहे. दुकानदारानं आठ दिवस वापरून पाहायला दिलं होतं, आज संध्याकाळी सहाला परत मागतो आहे. तुमचं कार्ड द्या मला.

राकेश : माह्या कार्डावर नंदिनीचं फर्निचर चढलं. तुले ठाऊक हाय.

पौर्णिमा : तुमच्या बहिणीला पाहायला गिरडचे पाहुणे रविवारी यायचेत, आणि फर्निचर आधीच आलं?

रुख्माबाई : येईनच ना मंग. पोरगी माही दिसाले चांगली हाय. फक्त पाहुण्यायसमोर कानात वायर घातलेली पोट्टी फिराले नाई पाह्यजे. घराण्यातच बहिरेपण हाय म्हनतीन. मंग बसवा नंदिनीले घरी.

पौर्णिमा : म्हणजे सर्वेवाला वाटलाच नव्हता तुम्हाला.

रुख्माबाई : वाटला का नाई वाटला. आला बिचारा येळेवर.

पौर्णिमा : साडेतीन वर्षांची झाली ती. बोलायचं वय निघून चाललंय, असं डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलं, आई.

रुख्माबाई : माह्या जावेचा तानबा पाच वर्साचा होऊन बोलला. आता दिवसभर बोलते, कोनी ऐकत नाई.

राकेश : दिवाळीपर्यंत थांब. लगन झालं का मीच घेऊन देतो.

पौर्णिमा : परवा तुमची गाडी गेटाशी आली, तर ही माझ्या आधी उठून दाराकडे गेली. जन्मात पहिल्यांदा. तुम्ही पाहिलं ते.

राकेश : पाह्यलं ना. मी काय नाई म्हणून राह्यलो? बँकेनंच नाई देल्लं, त्याले मी काय करू?

पौर्णिमा : बँकेतल्या मॅडमनी त्या चौकशीच्या कागदाचा फोटो पाठवला मला. ‘अर्जदार नोकरी करत नाहीत.’ खाली घरच्या माणसाची सही. मला वाटलं, आईंचा अंगठा असेल.

राकेश : दाखव.

पौर्णिमा : कशाला? आपल्या लग्नाच्या दाखल्यावर आहे तीच सही आहे. त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, कामावर होतो.

राकेश : आई म्हणे कर, म्या केली. आता काय जीव घेशीन?

रुख्माबाई : काऊन घेईन? खोट तिच्या पोटची, अन् जाब आमालेच इचारते. अन् पह्यले ते काढ वो तिच्या कानातलं. सारं ऐकून राह्यली पोट्टी. पाह्य, कशी बापाच्या तोंडाकडं पाहून राह्यली.

(पौर्णिमा मशीन काढून डबीत ठेवते. काजल खिडकीकडे तोंड करून खेळायला बसते.)

राकेश : मले का आवडलं सही करणं? पण नंदिनीचंही पाहा लागते ना. काजल, ये बेटा, बाबाजवळ ये. ए काजल.

पौर्णिमा : तिच्या समोर जाऊन उभे राहा. पाठीमागून कळत नाही तिला.