डोळे दाखवायला

पाथर्डीहून नगरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढं अश्विनी आणि तिची दहावीतली लेक संस्कृती बसल्या होत्या. शेजारी त्यांच्याच गावच्या रंगुबाई.

"अश्विने, यंदा ऊसतोडीला गेली न्हाईस?"

"न्हाई, मावशी. मालक एकलेच गेले. हिचे डोळे दाखवायचेत नगरला."

"डोळ्यापायी कुनी तोड सोडतं व्हय?"

"आई, खोटं कशाला? आजी, मला मरावं वाटायचं. दर मंगळवारी मनाच्या डॉक्टरकडं जातो. मला एकटीला ठेवू नका म्हणालेत ते."

"हळू बोल, संस्कृती. सगळी गाडी ऐकती."

"ऐकू दे."

"अश्विने, तो डॉक्टर पोरांनाबी बघतो का गं?"

"बघतो की. का, मावशी?"

"माझा नातू, हर्षल, असंच बोलत हुता. कामात रमंल म्हनून तोडीवर धाडला. त्याच्या बापाला फोन लाव. आत्ताच लाव."