वाढत्या अंगाचा टूल पोस्ट

नाही, पण यात माझी चूक कुठे, तेवढं सांगा! वस्तू मी शोधली, माप मी तपासलं, कार्टात मी टाकली, आणि खोक्यातून निघालं काय? हे धूड! मला तर वाटलं कुणी चुकून पाटा-वरवंटा पाठवलाय. म्हटलं, "काका, हे कुणाचं?" आता हे संग्रामसिंहकाका, माझ्या वडलांचे धाकटे भाऊ, यांच्याच खात्यावरून आमच्या घरात सगळं मागवलं जातं, शांपूपासून सोफ्याच्या कव्हरापर्यंत... तर काका मिशीवरून हात फिरवत म्हणतात, "तुझंच. माप मी बदललं. लहान दिसत होतं बिचारं. म्हटलं मोठा घ्यावा. वाढत्या अंगाचा असलेला बरा!"

वाढत्या अंगाचा! टूल पोस्ट! लोखंडाचा! त्याला काय अजून दुधाचे दात यायचेत?

बरं, तुम्हाला आधी टूल पोस्ट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही काकांसारखी मान डोलवाल. माझ्याकडे एक छोटं लेथ मशीन आहे. टेबलावर मावतं, एवढंसंच. मी इंजिनियर, दिवसभर घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवर सुट्या भागांची चित्रं काढते. चित्रं! भाग करतं दुसरंच कुणीतरी. शेवटी वाटलं, यार, आपल्या हातानं एक तरी गोष्ट घडवावी की नाही? म्हणून मशीन घेतलं. त्यावर धातू गरगर फिरतो आणि हत्यार त्याला कापतं. आणि ते हत्यार ज्याच्यात घट्ट धरतात, तो टूल पोस्ट. एवढंच. पण हत्याराचं टोक फिरणाऱ्या धातूच्या बरोब्बर मध्याला आलं पाहिजे. वर राहिलं तर नुसतं घासतं, खाली गेलं तर खुपसतं. बरोब्बर मध्य! त्यात सूट नाही.

मशीनबरोबर एक चौकोनी पोस्ट आला होता, चार बाजूंना चार हत्यारं धरणारा. चांगला असतो तो, पण प्रत्येक हत्याराखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून घालून उंची आणायची, म्हणजे काम थोडं आणि पट्ट्यांचा संसार मोठा. दुसरा असतो झटपट बदलायचा. प्रत्येक हत्याराचं आपापलं घर, उंची एकदा स्क्रूनं लावली की लावली, काढा, घाला, परत तिथेच. मला तो हवा होता. पण त्याची मापं असतात आणि तो मशीनच्या मापाचाच लागतो. मी आठवडाभर वाचलं, व्हिडिओ बघितले, माझ्या मशीनवर पट्टी लावून मोजलं. सगळ्यात लहान माप. बाकी मध्य काढायचं ड्रिल, ड्रिल धरायचा चक, आतून पोखरायची सळई, कापून वेगळं करायचं पातं आणि धार लावून घ्यायची साधी हायस्पीड स्टीलची हत्यारं. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. त्या सगळ्यात काकांना बदलावंसं वाटलं ते नेमकं एक माप!

आणि तुम्ही म्हणाल, मग एवढं काय जळतंय? अहो, जळत होते आमचे आबा!

आबा म्हणजे आजोबा, शिवाजीराव. फौजेतून रिटायर. खासगी बाजार पेठेतल्या आमच्या घरात त्यांची खोली पश्चिमेला, मे महिना, आणि ग्वाल्हेरचा मे म्हणजे तुम्हाला काय सांगू, भिंतीला टेकलात तर पाठीला चटका! आणि त्यांच्या जुन्या लोखंडी कूलरच्या मोटरचा बुश झिजला. बुश म्हणजे दांडा ज्याच्यात फिरतो ती धातूची बांगडी. ती झिजली की दांडा डुगडुगतो, पंखा जाळीवर आपटतो. मिस्त्रीनं हात वर केले, "बाबूजी, इसका बुश अब कहाँ मिलेगा! नई मोटर डलवा लो." आबा म्हणाले, "मोटर उत्तम आहे. एक दात पडला म्हणून म्हातारीला घराबाहेर काढतात का?" बाबा म्हणाले, लोहिया बाजारातून खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, करून आणतो. आणि मी... मीच बोलले हो! "कशाला? मी करते." सगळे हसले. आबा नाही हसले. म्हणाले, "उन्नती करेल. मी थांबतो."

झालं! आता आबा थांबलेत. ओला पंचा डोक्यावर, ओला पंचा छातीवर, हातात वर्तमानपत्राचा पंखा. कुणी म्हटलं, "आबा, आमच्या खोलीत या झोपायला," की उत्तर, "बुश होतोय ना." त्यांनी माझ्या शब्दावर घाम गाळायचा आणि माझ्या हातात काय? वाढत्या अंगाचा टूल पोस्ट!

मशीनवर चढवून बघितला. हत्यार अगदी तळाला नेलं, तरी टोक मध्याच्या वर. चांगलं बोटभर वर! मी म्हटलं, "काका, हे खाली येत नाहीये." काका म्हणाले, "मग मशीन वर घे ना!" आणि माझे बाबा, कृष्णराव, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, गच्चीवरून विटा घेऊन आले! विटा! कूलरखाली घालतात तशा मशीनच्या चारी पायांखाली घातल्या, मागे सरून डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "आता?"

"बाबा, मशीन वर गेलं की त्याच्यावर बसलेलं हत्यारपण वर जातं!"

"मग हत्याराच्या बाजूची वीट काढ."

सांगा! काय बोलायचं? मी परत पाठवते म्हटलं तर काकांनी खोकं फोडताना असं फोडलं होतं की त्यात आता मांजरही बसलं नसतं. शिवाय, "पुढे मोठं मशीन घेशील तेव्हा कामाला येईल." पुढे! कधी पुढे? आबांचा घाम आज निघतोय, काका!

आणि मग माझं डोकं जे फिरलं... हसू नका, तुमच्या घरीही हेच झालंय. शाळेचे बूट घेतले वाढत्या पायाचे. पुढे कापूस कोंबायचा, मागून फटक फटक वाजायचं, आणि पाय मापाला आला तेव्हा बुटाचा तळ फाटलेला. फ्रॉक घेतला तो वाढत्या अंगाचा. खाली चार बोटं दुमड, ती उसवेपर्यंत रंग उडालेला. सायकल घेतली तर मुरारच्या उतारावर मी सायकल चालवत नव्हते, सायकल मला चालवत होती. मी हे सगळं बोलले. ओरडूनच बोलले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर खरेदी केलीत ती पुढे येणाऱ्या कुठल्यातरी मोठ्या उन्नतीसाठी. ती आली की तिला द्या! पण ही जी आज इथे उभी आहे ना, हिच्या मापाचं तुम्ही कधी काही आणणार आहात की नाही?

काका खोक्याच्या चिंध्या गोळा करायला लागले. बाबा विटांकडे बघत राहिले. आणि व्हरांड्यातल्या खुर्चीतून, पंच्याखालून, आबा बोलले.

"आम्ही पाच भाऊ. मी सगळ्यांत धाकटा आणि सगळ्यांत उंच. चौघांचे उतरलेले कपडे माझ्याकडे यायचे. बाही इथे, कोपरापाशी. विजार इथे, पोटरीवर. शाळेत पोरं म्हणायची, अरे, शिवाजी आज भी नाला पार करके आया है! फौजेत गेलो तेव्हा पहिल्यांदा बाही मनगटापर्यंत आली. मी त्या दिवशी सारखा मनगटाकडे बघत होतो. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरांना आखूड काही मिळणार नाही. कृष्णाला मोठं घेतलं, संग्रामला मोठं घेतलं. त्यांनी तुला घेतलं."

आता यावर काय भांडायचं? तुम्हाला सांगते, वडीलधाऱ्यांची हीच खोड मला सहन होत नाही. चुकतात ते चुकतात, वर त्याला असं काही कारण असतं की आपला राग हातातच राहतो, ठेवायला जागा मिळत नाही!

मी मुकाट्यानं जुना चौकोनी पोस्ट शोधायला लागले. मिळेना. शेवटी आईला विचारलं, तर विजयाबाई शांतपणे स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ते चौकोनी होय? छान वजन आहे गं त्याला. पनीरवर ठेवलंय." म्हणजे बघा, नवा मावत नव्हता आणि जुना पनीर दाबत होता! धुतला, पुसला, तेल लावलं, मशीनवर बसवला. मग पट्ट्या. बाबांनी बिस्किटाचा डबा कापून दिला, काकांनी बिनबोलता करवतीचं जुनं पातं तोडून आणलं. एक पट्टी घाल, बघ. काढ, पातळ घाल, बघ. चौघं माझ्या खांद्यावरून वाकलेले, "अजून एक!", "नको, जास्त होईल!", आणि शेवटी टोक मध्याला आलं. गनमेटलचा, म्हणजे पितळेसारख्या धातूचा, तुकडा मशीनच्या चकात धरला. ड्रिल मारलं, सळईनं आतून पोखरलं, बाहेरून उतरवलं. सोनेरी भुगा पडत होता आणि कुणीही, तुम्हाला सांगते, आमच्या घरात कुणीही एक शब्द बोलत नव्हतं!

आणि माप? एकदम नेमकं. दांडा जेवढा, भोक तेवढं. मी मुद्दामच केलं. म्हटलं, बघाच आता, या घरात पहिल्यांदा कुणालातरी त्याच्या मापाचं काहीतरी मिळणार आहे. बुश मोटरच्या झाकणात ठोकून बसवला, दांडा घातला, बटण दाबलं...

हुं... नुसतं हुं! पंखा जागचा हलेना.

दांडा जाम. कारण बुश ठोकून बसवला की तो आत थोडा आवळतो, शिवाय तेलाला फिरायला जागा लागते. हे मला माहीत होतं! परीक्षेत लिहिलंय मी हे! पण रागात कोण लक्षात ठेवतं? सगळे माझ्याकडे बघतायत. म्हटलं, "आतून थोडं... मोठं करावं लागेल."

काका म्हणाले, "काय करावं लागेल?"

"मोठं."

"दादा, तुला ऐकू आलं का रे?"

"नाही बुवा. उन्नती, जरा मोठ्यानं बोल."

"मोठं! मोठं! वाढत्या अंगाचं! झालं समाधान?"

आबा म्हणाले, "छळू नका रे पोरीला. केवढं मोठं पाहिजे?"

"केसभर, आबा."

आबांनी मान हलवली. म्हणाले, "बरोबर. आम्हाला केसभर जमलं नाही. आम्ही वीतभर केलं."

मी बुश काढला, परत धरला, केसभर घेतलं. तेवढं करताना मला नीट दिसत नव्हतं, भुगा उडाला असेल डोळ्यात. तेलाचा थेंब सोडला, दांडा घातला, बोटानं टिचकी मारली, तर आपला फिरतोय, फिरतोय... थांबायचं नावच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी आबांच्या खोलीत गेले. म्हटलं, आपण केलेल्या हवेत जरा पडावं. बघते तर पलंगावर आबा, खाली सतरंजीवर बाबा, बाबांच्या पायाशी काका, कोपऱ्यात आई, आणि शेजारच्या उषाताई, ज्यांच्या घरी एसी आहे, त्याही! पाय ठेवायला जागा नाही. मी दारात उभी. वाटलं, निदान कुणीतरी डोळे उघडून म्हणेल, वा गं पोरी. आणि उघडला की! आबांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघून इतके गोड हसले, आणि म्हणाले,

"आलीस? बरं झालं. कूलरमधलं पाणी संपत आलंय, दोन बादल्या टाक."

टाकल्या. काय करता!