बाजूले जोडी पाहिजे

माझा जन्म देवळीपासून दोन कोसावरचा, कपाशीच्या गावचा, आन शाळेत किती गेलो म्हनाल तर पाटीवर आपलं नाव लिहिता येते इतका गेलो, त्याच्यापुढं मास्तरनं बोलावलं नाई आन मी गेलो नाई. पन बैल मले वाचता येते जी. कानाकडं पाहून सांगतो का हा आज धावते का नाई. माझ्या बापालेही येत होतं. आमच्या घरचं शिक्षन म्हनाल तर हेच.

कवड्या आन धन्या, हे माझे शंकरपटाचे, म्हंजे शर्यतीचे बैल. पट तुम्ही पाह्यलाच असन. कापूस घरी आला का माघात आमच्या गावच्या पडीत जमिनीवर भरते, तीन दिवस. पयले दोन दिवस चिठ्ठी काढून दोन-दोन जोड्या बाजूबाजूनं सुटत, जिंकली ते जोडी पुढं, हारली ते घरी, आन असं गाळत गाळत तिसऱ्या दिवसाले चार जोड्या उरत. त्या चारात मी सात वर्षं होतो, सलग, आन जोडी मीच हाकलत होतो, दुसऱ्याच्या हाती कासरा कधी देल्ला नाई. तिसऱ्या दिवशीच्या धुरकऱ्याले, म्हंजे जोडी हाकनाऱ्याले, पंच मांडवात बोलावून फेटा बांधत. काय सांगू तुम्हाले, तो फेटा मले जेवनापेक्षा गोड लागे.

आता महादेवाचं सांगतो. महादेव माझा साळभाऊ, म्हंजे बायकोच्या लहान बहिनीचा नवरा, पवनारकडचा. मानूस चांगला आहे. सारेच म्हंते चांगला आहे, तेच तर मले खपत नाई. घरी आला का माझी बायको त्याच्या ताटात तूप जास्त वाढे, मी डोळ्यानं पाह्यलं. ते म्हने, पाहुना आहे. म्हटलं, मंग मी कोन आहो. ते म्हने, तुम्ही रोजचे.

तर एका वर्षी यानं पांढरी जोडी घेतली, शेळीवानी गरीब, आन आमच्या पटात उतरला. चिठ्ठीत त्याच्या बाजूले कोनाची जोडी आली, तर नांगराची, जे पाय घासत धावली. माझ्या बाजूले आली हिंगनघाटकडची, वाघावानी. मी जिंकलो पन घाम फुटला, आन हा हासत हासत जिंकला, आन तिसऱ्या दिवशी दोघाईले एकाच मांडवात सारखाच फेटा. माझं डोकं फिरलं. भर पंचापुढं उभा राह्यलो आन म्हटलं, हा काय न्याय आहे, चिठ्ठीच्या नशिबानं कोनीही पुढं येते, शयरात घोड्याच्या शर्यतीले घडी लावते म्हने, तशी लावा, एकेक जोडी सोडा, ज्याले कमी सेकंद लागन तो पुढं, मंग दिसन कोन किती पान्यात आहे. महादेव बाजूलेच होता. म्हने, भाऊ बराबर बोलून राह्यले. तर लोक मले सोडून त्यालेच म्हने, पाहा किती मनाचा मोठा.

पुढच्या माघात पंचाईनं खरंच घडी आनली, आन ते चेपाले वर्ध्याहून एक मास्तर. गावोगावच्या बाया खासरात बसून आल्या, पोट्टे झाडावर चढले, आन पाहते तर काय, एक जोडी सुटते, धावते, मास्तर घडीकडं पाह्यते आन कागदावर लिहिते. मंग दुसरी जोडी, पुन्हा लिहिते. कोन जिंकलं, मास्तर? तो म्हने, दिवस मावळता सांगू. एक म्हातारी म्हने, हा पट होय का तहसिलीतली तारीख, आन उठून खासरात जाऊन झोपली.

माझी पाळी आली. झेंडी पडली आन दोघं बंदुकीवानी सुटले. अर्ध्यात आलो तर कवड्यानं डावीकडं पाह्यलं, कोनी नाई. धन्यानं उजवीकडं पाह्यलं, तिकडंही कोनी नाई. आन दोघं कान पाडून असे चालाले लागले जसे बाजाराले निघाले. मी बोंबललो, शेपट्या पिरगळल्या, काई नाई. तवा मले समजलं का सात वर्षं हे बैल पुढं जाव म्हनून धावलेच नोयते, बाजूच्याले पुढं जाऊ द्याचं नाई म्हनून धावत होते. बायको म्हने, मालकावर गेले. आन महादेवाची ते शेळी एकटी धावली, बिनघोर, आन तिचे सेकंद साऱ्याईत कमी.

काई दिवसानं तो घरी आला. म्हने, भाऊ, तुमच्या वावरात माझी जोडी बाजूनं पळवतो, रोज थोडी थोडी मागं ठेवतो, पंधरा दिवसात तुमचे बैल एकटे धावाले शिकन. म्हटलं, माझ्या बैलाले तू शिकवनार काय. तो चहा पिऊन गेला. रागावलाही नाई. रागावला असता तर मले जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वर्षी घडीपुढं पुन्हा तेच झालं. पन त्या वर्षी लोकच उठून गेले, मैदानात बैल जास्त आन मानसं कमी. म्हनून तिसऱ्या वर्षी पंचाईनं घडी बंद केली, परत जोडीले जोडी. गावाले वाटलं, घडी काढा म्हनून मीच भांडलो असन. मीही नाई म्हटलं नाई.

चिठ्ठी काढली. माझ्या बाजूले महादेव. कवड्या तवा उतारावर आला होता, तोंड पांढरं झालतं. बायको म्हने, आता तरी घरी बसा, बैल मारान. नाई बसलो. झेंडी पडली आन ते पांढरी जोडी हातभर पुढं, अर्ध्या पल्ल्यापर्यंत पुढंच. मंग कवड्याच्या डोळ्यात ते जोडी आली. काय धावला जी तो, मले वाटलं छकडा मोडते आता. शिंगभर जिंकलो. लोकाईनं मले खांद्यावर घेतलं, तिसऱ्या दिवशी फेटा बांधला.

पन शेवटच्या दहा हातात मी बाजूले पाह्यलं होतं. महादेवाचं कोपर मागं आलतं. बैल आवराले कासरा ओढतानी येते तसं. का नुसता तोल सावरला त्यानं? मास्तरची घडी असती तर कागदावर उतरलं असतं का पांढरी जोडी तिच्या रोजच्या सेकंदात धावली का नाई. महादेवाले मी विचारलं नाई. तो हो म्हनन तर माझा फेटा गेला, आन नाई म्हनन तर मले खरं वाटनार नाई.

कवड्या मागच्या साली गेला. महादेव पवनारहून आला, त्याच्या खड्ड्यात हातानं माती लोटली, माझ्याहून जास्त रडला. आता मी नुसता पट पाहाले जातो, लोक मानानं मांडवात बसवते. तो येते, वाकून पाया पडते. मी म्हंतो, सुखी राह्य, तुही जोडी धावो. मनापासून म्हंतो जी, खोटं नाई. आन तो उठतानी मी त्याचं कोपर पाह्यत राह्यतो.