तराफ्यावरचं अंथरूण

बुड्या मारायला जायचं तर मुक्काम बोटीवर की काठावरच्या हॉटेलात, हा तुमचा वाद चालू दे. मला आमचा शिवामामा आठवला. नौदलात पाणबुड्या होता, रिटायर होऊन साताऱ्याला आलेला. आणीबाणीच्या आदल्या वर्षी धरणात सरकारी लाँच बुडाली, तीही नेमकी पाण्याखाली गेलेल्या मामाच्या जुन्या गावावर. ती काढायला मामाला बोलावलं, सोबत मी.

धरणावरचे साहेब म्हणाले, "काठावर रेस्ट हाऊस आहे. नाहीतर तराफ्यावरच झोपा, रोजचं जाणं-येणं वाचेल."

"तराफ्यावरच," मामा म्हणाला.

पहिल्या बुडीत मामा खालचं गाव बघून आला. संध्याकाळी मी अंथरूण घातलं, तर म्हणाला, "उशी हिकडं घे रं. पायाखाली भैरोबाचं देऊळ येतंय."

मी उशी फिरवली. तेवढ्यात वाऱ्यानं तराफाच फिरला. मामानं पुन्हा अंथरूण वळवलं, तराफा पुन्हा फिरला. शेवटी त्यानं वळकटी बांधली. "चल, काठावर जाऊ."

रेस्ट हाऊसवर साहेब हसले. "काय पाणबुडे, पाण्याला भ्यालात?"

"न्हाई साहेब. देवाकडं पाय होत हुते."

"अहो, मूर्ती तर नव्या गावठाणात नेली ना तुम्ही?"

"नेली की." मामा वळकटीवरच बसला. "गाव सोडून उठायचं का म्हणून आदी देवाला फुलं चिकटवून कौल लावला हुता; फूल पडलं म्हंजी देवाचं उत्तर. फुलं देवाच्या अंगावरच सुकली साहेब, खाली पडलीच न्हाईत. मग तुमचं पाणी आलं."