लाल ठिपका

...अन् त्याच ताटात! तुम्हाला सांगतो, ज्या ताटात आत्ता माणसं जेवली, तेच ताट उचललं, खाली ठेवलं, अन् कुत्र्यानं चाटूनपुसून लख्ख केलं! मग ते ताट बेसिनमध्ये. मग त्यावरून स्पंज. मग त्याच स्पंजानं माझ्या चहाचा कप! अन् वर ती हिरव्या केसांची पोरगी माझ्याकडे बघून गोड हसते, जणू काही मला म्हणतेय, बघा चाचा, किती स्वच्छ घासलाय! शी! पण बोलणार कोणाला? पाहुणा माणूस मी!

आता तुम्ही म्हणाल, शेठ, तुम्ही तिथे गेलातच कशाला, तुमचं भांड्यांचं दुकान बरं, तुम्ही बरे. अहो, मी काय हौसेनं गेलो? माझी धाकटी गेली होती. शिकायला. एका वर्षासाठी, तिच्या कॉलेजनं तिकडच्या कॉलेजात पाठवलेली, दीडशे पोरांतून एकटीची निवड! आमच्या सात पिढ्यांत परदेश कोणी बघितला नव्हता, मी स्वतः सातवीतून उठलो अन् वडलांच्या गल्ल्यावर बसलो, जे शिकलो ते गिऱ्हाइकांकडून. तर ही पोरगी गेली, वाजतगाजत गेली, अन् दोन महिन्यांत फोन. ‘अब्बा, मला न्यायला या.’ का गं? ‘या बस्स.’ जेवतेस का? ‘या बस्स.’ झोपतेस का? ‘या बस्स.’ हिच्या अम्मीनं पदर डोळ्याला लावला, म्हणाली, तुम्ही जा, पोरीला समजवा, राहिली तर ठीक, नाहीतर घेऊन या. आता घेऊन या म्हणायला काय जातं? वर्ष गेलं असतं, निवड गेली असती, अन् पोरगी जन्मभर म्हणाली असती की मला जमलं नाही. ते ओझं आपल्या लेकीच्या डोक्यावर कोणता बाप देईल?

गेलो. दहा दिवस. तिच्या घरातला एक पोरगा सुट्टीला गेला होता, त्याची खोली मला मिळाली. घर म्हणजे कसं, चार खोल्या, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, संडासही त्यातच, अन् राहणारे चारी दिशांचे. एक ती हिरवी, जिचं ते कुत्रं. एक लांबू, म्हणजे इतका उंच की दारातून आत येताना नमस्कार केल्यासारखा वाकतो, मी दोन वेळा उलट सलाम केला, तिसऱ्या वेळी कळलं, हा चौकटीला वाकतोय. आणि आमची धाकटी. (तिच्या अम्मीला मी सांगितलंय, सगळ्या मुलीच आहेत. तुम्हीही तेच सांगा.)

तर हा लांबू सकाळी उठतो अन् काय तळतो? डुक्कर! बरं, तळू दे, ज्याचं त्याचं पोट. पण कशात तळतो? जे हाताला लागेल त्यात! तेल उडतंय, शेगडीवर चरबी, भिंतीवर चरबी, मिठाच्या डबीला चरबी, अन् आमची पोरगी एका कोपऱ्यात केळं सोलून खातेय. दोन महिने केळी! मी म्हटलं, बेटा, सांग ना त्यांना. तर म्हणते, ‘अब्बा, मी दिवसभर सांगतच असते. डोक्याला स्कार्फ का, सांगा. गरम होत नाही का, सांगा. वर्गात जगातल्या कोपऱ्यात कुठे काही झालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे, जणू मीच केलंय, सांगा. परवा सहलीला गेलो, बस पेट्रोल पंपावर थांबली, मी मागे कोपऱ्यात नमाज पढायला लागले, सजद्यात जमिनीला टेकलेलं डोकं वर काढते तर शेजारी एक भला माणूस गुडघ्यावर बसून फरशी चाचपतोय! म्हणतो, काय हरवलंय, कानातलं का? मी नमाज पुरी होईपर्यंत तो शोधत होता, अब्बा. सापडलं नाही म्हणून त्यालाच वाईट वाटलं.’

आता यावर हसावं की नाही? मी हसलो. ती नाही हसली. जी पोरगी पाल पडली तरी हसायची, ती हसली नाही.

बरं, न्हाणीघराची गोष्ट तर काढूच नका... काढतो, कारण काढल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिकडे पाणी नाही. म्हणजे नळाला आहे, शॉवरला आहे, जिथे पाहिजे तिथे नाही! कागद. कागदाची गुंडाळी. अहो, हाताला चिखल लागला तर तुम्ही कागदानं पुसून जेवायला बसाल का? मग?... जाऊ द्या. शी! पण बोलणार कोणाला? पाहुणा माणूस मी! तर पोरगी एक प्लॅस्टिकची बाटली आत नेऊन ठेवायची. लोक विचारायला लागले, ही बाटली कशाला? हिला लाज वाटली, म्हणाली, झाडाला पाणी घालायला. आता झाड कुठे होतं? मग बाजारात गेली, एक कुंडी आणली अन् न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली! खोट्याला खरं करायला पोरीनं झाड पाळलं, विचार करा!

पण मी बाप कोणाचा? मी इथूनच बदना नेला होता. बदना म्हणजे आपला तोटीचा लोटा हो, संडासाला न्यायचा, आमच्यात घरोघरी असतो. पण माझ्या दुकानातला बदना म्हणजे काय साधा? अस्सल तांब्याचा, आतून ताजी कल्हई, मानेला हंसासारखा बाक. माझा कारागीर म्हणाला होता, शेठ, हा संडासात ठेवायला जीव होत नाही. ठेवला खिडकीत, कुंडीशेजारी. पोरगी न्हाणीघरातून आली अन् डोळे भरून म्हणाली, ‘अब्बा, घरी आल्यासारखं वाटलं.’

झालं! मला जोर चढला. म्हटलं, या घराचा बंदोबस्त आता मी करतो. आता बघा, आमच्या धंद्यात एक रीत आहे. लग्नाची भांडी घ्यायला माणसं येतात ती काय एका दिवसात घेतात? आज मामी येऊन परात पसंत करणार, उद्या आत्या येऊन पातेलं. मग गिऱ्हाइकानं पसंत केलेल्या भांड्याच्या बुडाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. ठिपका पडला की माल ठरला, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. अठ्ठावीस वर्षं! भांडण नाही की तंटा नाही. तर पोरगी कॉलेजात गेलेली, मी त्या हिरवीच्या फळीवरून लाल नेलपॉलिश उचललं (परत ठेवलं, चोर नाही मी) अन् पोरीची एकूण एक वस्तू उलटी केली. तवा, ठिपका. पातेलं, ठिपका. ताट, वाटी, चमचासुद्धा सोडला नाही. मग म्हटलं, मुख्य वस्तू राहिलीच की! बदन्याच्या बुडाला चांगला रुपयाएवढा मोठा ठिपका दिला अन् ठेवला परत खिडकीत. ओल्या पंच्याला हात पुसले, पंचा फ्रिजच्या दाराला वाळत घातला अन् ताणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय बघतो, लांबू पोरीच्या तव्यात डुक्कर तळतोय! शीळ घालत! दुपारी पोरीच्या पातेल्यात हिरवीनं कुत्र्याचं काहीतरी उकळलं, तो वास... अजून माझ्या नाकात आहे, अत्तर लावलं तरी जात नाही. तिसऱ्या दिवशी पोरीची ताटं, वाट्या, सगळं घरभर. तिच्या कपात कोणाचा तरी दात घासायचा ब्रश! शी! पण बोलणार कोणाला? पाहुणा माणूस मी! पोरगी रडवेली झाली, ‘अब्बा, यांना झालंय काय? आधी चुकून एखादं भांडं घ्यायचे, आता सगळीच!’ मी म्हटलं, बेशरम लोक आहेत. संध्याकाळी तिनं बॅग पलंगावर काढली. म्हणाली, ‘दोन तिकिटं काढा, अब्बा. मला नाही जमत.’

अन् मीही, खरं सांगतो, हो म्हणालो. समजवायला गेलेला बाप, तीन दिवसांत माझंच पोट पाठीला लागलेलं! मीही केळीच खात होतो.

चौथ्या दिवशी लांबू दारातून नेहमीसारखा वाकून आत आला अन् म्हणाला, आज रात्री तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला. पोरगी म्हणाली, नको. तर हिरवी म्हणाली (मला पोरीनं उलगडून सांगितलं), नाही कसं, आम्ही नवीन पातेलं आणलंय, फक्त भाजी, डाळ अन् भात आहे, एकेका पुडक्यावरचं बारीक अक्षर वाचून घेतलंय, कुत्र्यालाही आज शेजारी पाठवलंय. आता एवढं ऐकल्यावर नाही म्हणणारा माणूस कसला? बसलो. टेबलावर स्वच्छ चादर. डाळ अळणी होती, पण तीन दिवसांनी गरम घास! अन् वर लिंबाचं सरबत. पहिला ग्लास मी एका दमात संपवला. दुसराही. म्हटलं, वा, अगदी घरची चव! लांबूनं तर चार ग्लास रिचवले. हिरवी सारखी ओततेय, आग्रह करतेय, अन् माझ्या मनात आलं, काय बरं हे, चव इतकी ओळखीची कशी? तांबं... लिंबू... कल्हई... मान वर केली. तिच्या हातातलं भांडं बघितलं. मानेला हंसासारखा बाक.

अठ्ठावीस वर्षं भांडी विकतोय मी. मी माझा माल ओळखणार नाही?

हातातून घेतलं. उलटं केलं. उरलेलं सरबत चादरीवर. बुडाला रुपयाएवढा लाल ठिपका!

मी पोरीकडे बघितलं. पोरीनं बदन्याकडे बघितलं. मग माझ्या रिकाम्या ग्लासाकडे. मग ठिपक्याकडे. हळूच म्हणाली, ‘अब्बा, हा ठिपका कोणी दिला?’ मी म्हटलं, मी. म्हणजे, आपलं ते दुकानात देतो ना, ठरलेला माल... पोरगी उठली, फ्रिजवरचा माझा पंचा बाजूला केला. खाली एक कागद चिकटवलेला. त्यावर घराचा नियम. निळा ठिपका, ज्याचं त्याचं. लाल ठिपका, सगळ्यांचं, खुशाल घ्या!

हे जेवण कशाबद्दल होतं, कळलं का? आभाराचं! लांबू म्हणत होता, आम्हाला वाटलं होतं ही मुलगी आमच्यापासून दूर दूर राहते, अन् हिनं तर वडील आल्याबरोबर आपली सगळी भांडी आम्हाला वापरायला दिली, हा केवढा मोठेपणा! हिरवी म्हणाली, अन् हे इतकं सुंदर भांडं तुम्ही न्हाणीघरात ठेवलंत, मला बघवेना, लाल ठिपका दिसला, म्हणून टेबलावर आणलं.

अन् माझी पोरगी हसली.

आधी नाकातून फुस्सकन, मग तोंडावर हात, मग टेबलावर डोकं टेकून, मग जमिनीवर बसून. दोन महिन्यांचं साठलेलं हसू, थांबेचना! ते दोघं घाबरले. मग तिनं, डोळे पुसत पुसत, सांगितलं. हे भांडं काय आहे. कशासाठी असतं. चार दिवस कोण कोण वापरत होतं.

लांबूनं हातातला चौथा ग्लास दोन बोटांनी खाली ठेवला. हिरवी पांढरी पडली, म्हणाली, ‘पण मी धुतलं होतं! चांगलं घासलं होतं!’

पोरगी म्हणाली, ‘कशानं?’

‘त्या स्पंजानं.’

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला बदन्याची कीव आली. अहो, संडासात चार दिवस पवित्र राहिलेलं भांडं, त्या स्पंजानं बाटवलं! शी! अन् आता तर बोलायलाही तोंड नाही, दोन ग्लास पोटात!

मग काय, लांबूला हसू फुटलं, हिरवीला फुटलं, तिघं एकमेकांच्या गळ्यात. अन् पोरीनं जी सांगायला सुरुवात केली, बदना, पाणी, कागद, डुक्कर, कुत्रं, कुंडी, पेट्रोल पंप, सगळं! ते विचारतायत, ही सांगतेय, अन् हसतेय. भांड्यांवरचे ठिपके पुसले, निळे दिले. मी एकटा बेसिनपाशी चूळ भरत उभा. बारा चुळा भरल्या. शेवटी पोरगी आली, पाठीवर हात फिरवून म्हणाली, ‘अब्बा, एकच तिकीट काढा. तुमचं.’ मी म्हटलं, अन् तू? तर म्हणते, ‘आता यांच्यापासून लपवायला काही उरलंच नाही. राहीन मी.’

राहिली! मजेत आहे, जेवते, काल लांबूला भात शिकवला म्हणे. मी चार दिवस आधी परत आलो, साडेपाच किलो उतरून. हिची अम्मी विचारते, ‘पोरीला समजावलंत तरी कसं?’ आता तिला काय सांगू? म्हटलं, समजावलं, बापाच्या मायेनं. तर ही बया अख्ख्या गल्लीत सांगत सुटली! काल संध्याकाळी पलीकडचे शिंपीचाचा दारात. त्यांचा पोरगा तिकडेच शिकायला गेलाय, तोही रडतोय, तोही केळी खातोय. माझे दोन्ही हात धरले, म्हणाले, ‘भाईजान, तुमच्या शब्दाला वजन आहे, माझ्या पोरालाही एकदा तसंच समजावून या!’ मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात आतून हिचा आवाज, ‘जातील ना ते, का नाही जाणार!’

परवाचं विमान आहे.