कोणतं बोट?

अपेक्षा (फिजिओथेरपिस्ट): डोळे बंदच ठेवा, डोमाजी. आता मी कोणत्या बोटाला हात लावला?

डोमा: अंगठा.

अपेक्षा: आणि आता?

डोमा: अंगठाच. तेथंच तं लावून राहिल्या तुमी.

तुळसा (डोमाची बायको): अवजी, मॅडमनं मधलं बोट धरलं हाये. मघाबी तेच होतं.

डोमा: माह्या हातातलं मले समजत नाई, आन तुले समजते?

अपेक्षा: डोळे उघडून बघा.

डोमा: हो, मधलं. पण झिणझिण्या तं अंगठ्यात आल्या. मॅडम, नागपूरच्या डॉक्टरनं बोटं उलटसुलट तं नाई लावली?

अपेक्षा: नाही हो. मनगटातून तुटलेला हात एकसंध जोडलाय. पण आतल्या नसा हळू वाढतात, महिन्याला जेमतेम इंचभर. काही वाट चुकतात. मग मेंदूला खबर मिळते, पण पत्ता चुकीचा. तो रोज शिकवून दुरुस्त करायचा.

डोमा: आठ महिने झाले. परवा चहाचा गिलास धरला, फोड आला तवा समजलं. आन थंड पाण्यात हात गेला का जीव जाते. मंग याले समजते का नाई समजत? मले काईच उमजून नाई राहिलं.

अपेक्षा: घरी सराव कोण घेतं? ताईंना दाखवला होता ना मी?

डोमा: तुळसा? शर्टाची बटनं लावून देते, ताट वाढते. पण ह्या हाताले हात नाई लावत. मीबी इचारत नाई.

अपेक्षा: का हो, ताई?

तुळसा: चारा कापाच्या कुट्टी मशीनीत हात गेला तवा सारे याईले धरून बसले. तुटलेला हात मीच उचलला. प्लास्टिकच्या पन्नीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवला. सिहोऱ्याहून नागपूरवरी माह्या मांडीवर होता. हे बाजूले निजून, आन हात माह्यापाशी. कोणाकडे पाहू तेच समजे ना.

डोमा: हे तू कई सांगतलं नाई.

तुळसा: काय सांगू? जोडला हाये, दिसते मले. तरी वाटते, धरला का निघून हाती येईन.

अपेक्षा: येणार नाही, ताई. डोमाजी, पुन्हा एकदा. डोळे बंद.

(ती खुणेनंच तुळसाला आपल्या जागेवर बसवते. तुळसा त्याचं एक बोट धरते.)

अपेक्षा: सांगा, कोणतं बोट?

डोमा: अंगठा... नाई, बाजूचं. थे नाई सांगता येत, मॅडम. पण हा हात थरथरून राहिला. तुमचा नाई थरथरत.